बाहुलीची नथ

स्नेहलने बाहुलीच्या नाकाजवळ भिंग नेलं, आणि चांगुणाआजीने तिच्या मनगटावर फटका मारला.

"लांबून बघ. नवरी हाय ती."

"आजी, हात नाही लावत. नाकावर मेण दिसतंय, तेवढं बघते."

"मेन असंल न्हाईतर आनखी काई असंल. नथ न्हाई ना तिथं? मंग काय बघायचं?"

शेवगावच्या त्या घराची बाहेरची खोली कापसाने छतापर्यंत भरली होती, म्हणून बैठक आत पलंगावर चालली होती. पलंगावर पत्र्याची ट्रंक उघडी, आणि आजीच्या मांडीवर नवरी. डोकं चिनी मातीचं, डोळे निळे, मानेमागे केसांखाली जर्मन कारखान्याचा ठसा. केस मूळचे पिवळे. कुणीतरी काजळ आणि खोबरेल चोळून ते काळे केले होते, तरी भांगात पिवळेपणा डोकावतच होता. अंगावर जरीच्या काठाचं नऊवारी लुगडं, खणाची चोळी, मण्यांच्या मुंडावळ्या. काष्टा एवढा फुगलेला का, म्हणून पाहावं तर खाली विलायती लेसचा परकर आणि बटणांचे कातडी बूट तसेच. भिंगारच्या छावणीतल्या एका मडमेने देश सोडताना ही बाहुली आपल्या बंगल्यातल्या माळ्याच्या घरी दिली होती. माळीणबाईंनी तिला लुगडं नेसवून आपल्यात घेतलं, पण बूट काही काढवले नाहीत.

ट्रंकेत रुखवत होतं. बोटाएवढा पाटा-वरवंटा, सुपली, पितळेची कळशी, लाकडी पोळपाट. जुन्या बाहुल्या स्नेहलने पुष्कळ गोळा केल्या होत्या, पण वस्त्रांसकट आणि संसारासकट टिकलेली अशी बाहुली तिने जन्मात पाहिली नव्हती. बघताना तिच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटत होतं.

"प्रदर्शन आठ दिवसांचं आहे आजी. काचेच्या पेटीत ठेवीन. मी स्वतः आणून सोडीन."

"ने की. मी कुटं न्हाई म्हनते?" आजीने नवरीचा पदर सारखा केला. "दागिने आन आनि ने. भागीकडं हायेत. नथ, ठुशी, बुगड्या. माहेरच्यांनी घालायचे असतेत ते. माझी सून लंकेची पार्वती हुऊन चार लोकांत बसायची न्हाई."

"त्या म्हणतात, आधी तुम्ही पोरीला माहेरी पाठवा."

"दागिने दिल्याबिगर?" आजी हसली आणि तिने नवरीच्या मुंडावळ्या सारख्या केल्या.

हे असं दिवाळीपासून चाललं होतं.

स्नेहल नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. बाहुल्यांचा नाद तिला नोकरीच्याही आधीपासूनचा. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून चेष्टा चालायची. "मॅडम, यंदा कुणाचं बारसं?" असं विचारलं जायचं आणि तीही हसून वेळ मारून न्यायची. घरी आई म्हणायची, लोकांची पोरं दहावीला आली आणि ही अजून बाहुल्या खेळते. या सगळ्यांना एकदा नगरच्या मोठ्या हॉलमध्ये आणून उभं करायचं आणि काचेमागची एक वस्तू दाखवायची, जिच्यापुढे कुणाला चेष्टा सुचणार नाही, एवढीच तिची इच्छा होती. त्या इच्छेपायी तिने हॉल घेतला, आणि बाहुली हातात यायच्या आत पत्रिका छापून मोकळी झाली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! पत्रिकेवर भिंगारचा जुना फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत ओळ होती: वस्त्रे, दागिने आणि रुखवतासह संपूर्ण नवरी.

फोटो तिला भिंगारात मच्छिंद्रबाबांकडे मिळाला होता. माळ्याचा हा धाकटा मुलगा आता स्वतःच सत्तरीपार, एका डोळ्याने अधू, पण बोलायला मोठा रसिक. फोटोत दोन परकरी पोरी आपापली बाहुली उराशी धरून उभ्या होत्या. एकीकडे ही निळ्या डोळ्यांची नवरी, नाकात नथ, गळ्यात ठुशी. दुसरीकडे चिंध्यांचा नवरदेव, मान जरा कललेली.

"नवरी माझ्या बहिणीची, भागूबाईची," मच्छिंद्रबाबा म्हणाले होते. "नवरदेव शेजारच्या चांगुणाचा. लगीन लागलं तशी नवरी चांगुणाच्या घरी गेली. दिल्या घरची झाली. मग चांगुणाच्या बापाने इथलं काम सोडलं आणि शेवगावला आपल्या जमिनीवर गेला, नवरी पण गेली. दागिने मात्र बहिणीने दिले नाहीत म्हणतात. ती असते जामखेडकडं. मानपानावरून बिनसलं बघा त्यांचं, ते आजतागायत."

स्नेहलला तेव्हा हसू आलं होतं. बाहुलीच्या लग्नातला रुसवा, तो किती दिवस टिकणार!

तो केस पिकले तरी टिकला होता. शेवगावला जावं तर चांगुणाआजी म्हणे, दागिने आण. जामखेडला जावं तर भागूबाई म्हणे, पोर आधी माहेरी येऊ दे. पहिल्या पंचमीला मुराळी धाडला होता आम्ही, लेकीला आणायला. सासरच्यांनी तो रिकामा परत लावला. नगरहून एक वाट इकडे आणि एक तिकडे, आणि दोन्ही वाटांवर उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगणारी एसटी. दोघींनी एकमेकींना कधी फोन केला नव्हता. निरोप जायचे ते लग्नाकार्यात भेटलेल्या पाहुण्यांबरोबर, आणि आता स्नेहलबरोबर. आपण चित्रकलेच्या शिक्षिका आहोत की बाहुलीच्या लग्नातल्या मध्यस्थ, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

त्या दिवशी शेवगावहून परतताना तिने ठरवलं, आता जामखेडला शेवटचं जायचं. गोडीने नाही तर भांडून. रविवारी ती निघाली.

भागूबाईची वस्ती जामखेडच्या पुढे, माळावर. दसरा झाला की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. घरोघरी कुलपं होती. भागूबाईचा मुलगा आणि सूनही कारखान्यावर गेले होते. म्हातारी दारात उन्हाला बसून हुलग्यातले खडे निवडत होती. शेजारी दोन शेळ्या.

"आलीस? काय म्हनती आमची ईहीन?"

"तेच म्हणते. दागिने द्या."

"मंग तिला सांग, पोरगी आदी—"

"नाही सांगत!" स्नेहलचा आवाज एवढा चढला की शेळी उठून उभी राहिली. "मी कुणाला काही सांगत नाही आता. आजी, बाहुली आहे ती. मातीची बाहुली! एवढीशी नथ, तिच्यासाठी तुम्ही दोघी जन्मभर अबोला धरता, आणि मी महिनाभर हेलपाटे मारते. माझ्या पत्रिका वाटून झाल्यात. सगळं गाव हसणार आहे मला. द्यायचे नसतील दागिने तर नाही म्हणा. स्वच्छ तोंडावर म्हणा, मी गेले."

भागूबाईचे हात सुपात थांबले. वस्तीवर ऐकायला कुणी नव्हतंच, तरी तिने एकदा रस्त्याकडे पाहिलं.

"आत ये. दार लोट."

आत अंधार होता. भागूबाई चुलीजवळच्या पाटावर बसली आणि लुगड्याचा काठ चिमटू लागली.

"ते दागिने माझे नव्हतेच, बाय."

"मग कुणाचे?"

"देवीचे. आमच्या देव्हाऱ्यात मुखवटा हाय देवीचा. त्याची नथ, त्याचीच ठुशी. आई बंगल्यावर कामाला गेल्ती, म्या काढले. मेनानं चिकटवली नथ. इतकी साजरी दिसली नवरी! फोटूवाला नव्या सायबाच्या घरी आल्ता, त्यानं आमचा बी फोटू काढला." ती क्षणभर त्या आठवणीत हसली. "पन वरात निघायच्या आत मला ते जागेवर ठिवायचे हुते. नवरी तर दागिन्यांसकट चालली चांगुनीच्या घरी. मंग म्या भांडन उकरलं. वरमायचे पाय धुवायचे असतेत ना, म्हनलं न्हाई धूत. चांगुनी रुसली, रडली, सगळा गोंधळ झाला. त्या गोंधळात म्या नवरीच्या अंगावरचं ओरबाडून घेतलं. म्हनलं, आमचा मान राखत न्हाई त्यांस्नी दागिने कशाला? आनि पळत जाऊन देवीला घातले."

स्नेहलने सुटकेचा श्वास सोडला. एवढंच होतं तर. "मग परत केलेत ना तुम्ही. चोरी कुठे झाली?"

"त्याच साली नवरात्राच्या तोंडावर मच्छिंद्राला ताप आला. अंगभर फोड. ऱ्हायला, पन डोळा गेला त्याचा." भागूबाई सरळ तिच्याकडे बघत होती. "देवीच्या अंगावरचं काढून म्या बाहुलीला घातलं. ती काय सोडती व्हय?"

"आजी, तो आजार होता. तेव्हा कितीतरी मुलांना व्हायचा."

"तुला समजतंय. मला बी समजतंय आता. समजून काय हुतंय?"

बाहेर शेळ्या सुपात तोंड घालत होत्या. भागूबाईने बसल्या जागेवरून हाड केलं. मग म्हणाली, "आईला सांगितलं न्हाई. मालक गेले, त्यांस्नी सांगितलं न्हाई. भाऊबीजेला भावाला ओवाळते तवा मान खाली घालून ओवाळते. तो म्हनतो, ताई लाजती. आज तुला बोलले, तू परकी म्हनून. चांगुनीच्या कानावर जाऊ देऊ नको. दागिने न देनारी भागी तिला म्हाईत हाय. तेवढीच बरी हाय."

स्नेहलने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परतीच्या एसटीत तिला मच्छिंद्रबाबांचा देव्हारा आठवला. त्यांच्या घरी ती चहा प्यायली होती, ती त्या देव्हाऱ्याकडे पाठ करूनच. निघताना तिने हातही जोडले होते, आणि देवीच्या नाकाकडे बघितलंसुद्धा नव्हतं. म्हणजे नथ भिंगारात होती, तिच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. मागितली असती तर त्या भल्या माणसाने हसत काढून दिली असती. आणि आता काही झालं तरी ती मागता येणार नव्हती. दिवाळीपासूनचा सगळा वैताग तिच्या डोळ्यांत आला. तिने खिडकीकडे तोंड करून ते पुसले आणि वाटेतलं कडा गाव येईपर्यंत स्वतःवर, पत्रिकेवर, त्या दोन म्हाताऱ्यांवर आणि त्या जर्मन कारखान्यावर चिडत राहिली.

पुढच्या शनिवारी ती शेवगावला गेली, ती फक्त सांगून मोकळं व्हायला. चांगुणाआजी पलंगावर बसली होती. आजीची सून राजेश्वरी चहा ठेवून गेली.

"काय म्हनती भागी?"

"देत नाहीत म्हणाल्या."

"का न्हाई?"

"मुराळी परत लावला म्हणून."

"मंग तू काय म्हनलीस?"

"काय म्हणणार? राहू दे म्हटलं. त्यांचंही बरोबर आहे. तुम्हीही त्रास करून घेऊ नका आता. मी पत्रिका बदलते, बाहुलीशिवायच करते प्रदर्शन." स्नेहलने कप उचलला आणि चहाकडेच बघत राहिली.

आजीने हात लांब करून स्नेहलची हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

"तुला सांगितलं व्हय तिनं?"

"काय?"

"मागल्या बारीला हितं बसून डोकं खाल्लंस माझं. दर बारीला भांडून जातीस. आज म्हनतीस, ऱ्हाऊ दे." आजीने हनुवटी सोडली. "भांडायचं सोडलं की कळतंय, पोरी."

स्नेहलला खोटं बोलवेना. तिने कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत आहे?"

"लगीन झालं वैशाखात. त्याच साली नवरात्रात तिच्या घरी घट बघायला गेल्ते, आईसंगं. देवीच्या नाकात तीच नथ. ठुशी बी तीच, एक मनी फुटका हुता तिचा." आजी हलक्या आवाजात बोलत होती, सुनेने ऐकू नये म्हणून असेल. "शेजारी मच्छिंद्र निजल्याला, डोळ्याला फडकं. आनि भागी माज्याकडं बघत हुती. तशी नजर म्या परत कुनाची बघितली न्हाई. आता ही वरडंल, आता ही सांगंल, असं तिला वाटत हुतं. मला तवा कितीसं कळत हुतं? पन एवढं कळलं, की हिला कळू द्यायचं न्हाई. म्या देवीच्या पाया पडले, उठले, आनि तिच्या आईच्या देखत म्हनलं, भागे, माज्या सुनेचे दागिने कदी देनार?"

"आणि त्या?"

"तिचा जीव भांड्यात पडला. म्हनली, देत न्हाई जा!" आजीच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. "तवापासून मागतीया. तिच्या लग्नात मागितले, माज्या पोराच्या बारशाला निरोप धाडला, तिचे मालक वारले तवा भेटायला गेलेल्यांसंगं बी धाडला. लोक म्हनले, चांगुनाला काळयेळ कळत न्हाई. न्हाई कळू दे. मागायचं सोडलं असतं तर तिला कळलं असतं, मला कळलंय म्हनून."

स्नेहलला स्वतःची लाज वाटली. महिनाभर ती या बाईला मनातल्या मनात हट्टी म्हातारी म्हणत आली होती, कधीकधी त्याहून वाईटही.

"आजी, माझी चूक झाली. मी तिकडे ओरडले त्यांच्यावर, म्हणून त्यांनी—"

"ते जाऊ दे. आता पुढचं बघ." चांगुणाआजी एकदम ताठ बसली. "आता तू काई तिच्याकडं दागिने मागायची न्हाईस. मागितलेस तरी तुला जमायचं न्हाई, तुझं तोंड सांगतंय. कालपरवा आलेली बाई गप झाली, चांगुनी बी गप झाली, हे तिच्या ध्यानात आल्याबिगर ऱ्हाईल व्हय? भागी लई हुशार हाय. तिचा नंबर हाय का तुझ्या मोबाईलात?"

"आहे."

"लाव."

"आजी, तुम्ही कधी त्यांना फोन—"

"लाव म्हनते ना."

स्नेहलने फोन लावला. घंटी बराच वेळ वाजत राहिली. तेवढ्यात आजीने डोक्यावरचा पदर नीट केला. पलीकडून "कोन?" असं आलं, तसा तिने मोबाईल स्नेहलच्या हातातून ओढून घेतला, भाकरीसारखा तोंडासमोर आडवा धरला आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"भागे! माज्या सुनेचे दागिने कुटं हायेत?"

आजी डोळे मिटून थांबली. स्नेहलने नकळत मोबाईल खालून आधाराला धरला.

"कोन, चांगुनी?"

"चांगुनी न्हाई, वरमाय! ही नगरची मास्तरीन नवरी न्यायला आलीया. चार लोकांत बसवायची म्हनती. बिनदागिन्यांची बसवू का? नाचक्की तुझी हुईल, माझी न्हाई."

"बसव की!" आवाज एवढा मोठा आला की राजेश्वरी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. "बसव तशीच! लोकांस्नी बी बघू दे, एवढी कापसाची मालकीन, पन सुनेला एक नथ केली न्हाई!"

"म्या का करू? तू करायची!"

"देत न्हाई जा! काय करायचं ते कर!"

चांगुणाआजीने डोळे उघडले. ते पाण्याने भरले होते, आणि ती तोंडभर हसत होती. मोबाईलवर हात ठेवून ती स्नेहलला म्हणाली, "ने गं. काढ ट्रंक. माहेरची परवानगी मिळाली." मग हात काढून पुन्हा ओरडली, "आनि पंगतीत लाडू कच्चे हुते तुझे!"

"चुरमुऱ्याचे लाडू कच्चे असतेत व्हय? तुझ्या नवरदेवाची मान तेवढी कच्ची हुती!"

राजेश्वरीने स्नेहलकडे पाहून काय चाललंय असं हातानेच विचारलं. स्नेहलने मान हलवली. पलंगाखालून ट्रंक ओढावी म्हणून ती वाकली, तेव्हा आजीच्या हातातला मोबाईल टुणटुण वाजला. बॅटरी संपत आली होती. स्नेहलने ट्रंक तशीच सोडली आणि पर्समध्ये चार्जर शोधू लागली.